शेजार पाहून घेतलेलं घर

"कागद मी बघतो, माणसं तू बघ," असं सी थामी बायकोला म्हणाला, आणि तिथेच त्याने पहिली माती खाल्ली.

सी थामीने मोरोक्कोतल्या फेझच्या जमीन-दप्तरात चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांवर शिक्के मारले होते. कुठली भिंत कुणाच्या पणज्याच्या नावावर आहे, हे तो नुसत्या कागदाच्या वासावरून सांगायचा. निवृत्त झाला तशी छातीत शीळ वाजू लागली. डॉक्टर म्हणाला, "शहराची धूळ सोडा, डोंगरावर जा." सांगायला डॉक्टरच्या बापाचं काय जातंय? पण सी थामीने ते मनावर घेतलं. जुन्या शहरातलं घर एका परदेशी जोडप्याला विकलं. ज्या हौदावर त्याच्या बायकोने, लल्ला बतूलने, तीस वर्षं गालिचे धुतले, त्या हौदात आता पाहुणे पाय सोडून फोटो काढतात. म्हणजे परतीचा रस्ता बंद. सामान बतूलच्या भावाकडे पडलेलं, आणि भावाची बायको रोज फोन करून "घाई नाही हं, आरामात शोधा" असं ज्या आवाजात सांगायची, त्या आवाजाने दूध नासलं असतं.

आणि हे दोघं ऐन-तल्ज नावाच्या डोंगरावरच्या गावात, चौकातल्या लॉजच्या एका खोलीत, घर शोधत बसलेले.

ऐन-तल्जला वस्त्या दोन. वर देवदार मोहल्ला: उतरत्या लाल छपरांचे बंगले, कुंपणाला कातरलेली झुडपं, फाटकाला पितळी कड्या. खाली, नाल्यापलीकडे, सूक: मंगळवारचा बाजार भरतो तिथली वस्ती. तिथे एका भिंतीला चार घरं टेकून उभी, आणि एका खोलीत सात माणसं टेकून झोपलेली.

"मला धूर निघणारं घर पाहिजे," लल्ला बतूलने बजावलं.

"बंगल्यांना धुराडी असतात की!"

"माझ्या घराचा नाही, शेजारच्या घराचा धूर! सी थामी, उद्या आपण दोघं आत मेलो तर दार फोडायला कुणी पाहिजे का नको? मलिका काही माँट्रियलहून दार फोडायला येणार नाही." मलिका ही त्यांची एकुलती एक मुलगी. "आधी शेजारी, मग घर. माझी आई हेच सांगत आली."

"माझीही आई तेच सांगत होती. म्हणून तर म्हणतो, माणसं तू बघ."

माणसं बघायची बतूलची रीत फेझच्या सगळ्या बायकांची असते तीच. शुक्रवारी दुपारी कुसकुस शिजवायचं, निळ्या नक्षीच्या वाडग्यांत भरायचं आणि अनोळखी दारात नेऊन द्यायचं. वाडगा भरून परत आला तर शेजार जिवंत. रिकामा आला तर मेलेला. घासून-पुसून लखलखीत करून रिकामा आला, तर त्या गल्लीत पाणीसुद्धा पिऊ नये.

पहिल्या शुक्रवारी बतूल चार वाडगे घेऊन सूकमध्ये उतरली, कारण तिचा जीव त्या गजबजाटावरच जडला होता. तीन दारांना कुलपं. चौथ्या दारात एक बहिरी म्हातारी. बतूल ओरडून ओरडून थकली, म्हातारी हसून हसून. शेवटी म्हातारीने वाडगा घेतला, बतूलच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दार लावलं. वाडगा सोमवारी परत आला. रिकामा.

"लोक कुठे गेलेत म्हणाली?" सी थामीने विचारलं.

"कामाला."

"कामाला! शुक्रवारी! दुपारी! कुसकुसच्या वेळेला!" सी थामीला इतका आनंद झाला की खोकला लागला. "अशी माणसं तुझं दार फोडणार? त्यांना स्वतःचं दार उघडायला सवड नाही!"

दुसऱ्या शुक्रवारी बतूल तोंड पाडून देवदार मोहल्ल्यात चढली. बरोबर सी थामी आणि घरांचा दलाल अझूझ. अझूझला चौदा नंबरचा बंगला विकायचा होता. त्याच्या डावीकडच्या बंगल्याच्या पायरीवर एक माणूस बसला होता. अंगात उंटाच्या लोकरीचा कोट, असा की सी थामीच्या साहेबाच्या साहेबालाही परवडला नसता. हातात कात्री. स्वतःच्या हाताने झुडपं कातरत होता.

"या या हाज्, बसा!" तो उठून म्हणाला. सी थामी अजून हजला गेलेला नव्हता, पण हे कुणाला सांगत बसायची त्याला गरज वाटली नाही. "मी मोहा. घ्यायला आलात? घ्या घ्या! इथे माणूस नाही हो कुणी बोलायला."

उजवीकडच्या बंगल्यात बासू आणि त्याची बायको इत्तो. इत्तोने दोन्ही हातांनी वाडगा घेतला, बतूलच्या दोन्ही गालांची चार-चार चुंबनं घेतली आणि तासाभरात वाडगा परत आणला. त्यात अक्रोड, वर मधाचं पोळं. मोहाच्या वाडग्यात लोणी आलं. समोरच्या दोन घरांतूनही बिहीची फळं आणि अंडी आली. चार वाडगे गेले, चार भरून आले.

"बघ," लॉजवर परतताना सी थामी म्हणाला, "खरं खानदान म्हणतात ते हे! एवढी श्रीमंती, आणि स्वतः झुडपं कातरतात. नाहीतर तुझा भाऊ, दोन दुकानं झाली तर स्वतःच्या बुटाला हात लावत नाही."

बतूल हरली. तिच्याच कायद्याने हरली. एवढंच म्हणाली, "त्यांचं घर आतून बघायचं राहिलं."

"मग विचारायचं का, 'हे घर तुझंच का रे बाबा'?"

तसं विचारता येत नाही, हे बतूललाही ठाऊक होतं. दारात बसलेल्या माणसाला घर कुणाचं असं विचारणं म्हणजे बाप कोण असं विचारणं. अझूझ त्या वेळी खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. दलालांच्या बुटांच्या नाड्या नेमक्या कोणत्या प्रश्नाला सुटतात, यावर कुणीतरी ग्रंथ लिहायला हवा.

चौदा नंबरच्या कागदांवर सी थामीने सात आठवडे घालवले. मूळ मालक, त्याचा मालक, नकाशा, पाण्याचा हक्क, कुंपणाची वीतभर कमी-जास्ती, सगळं तपासलं. शेजारच्या घरांचे कागद त्याच कपाटात, त्याच फळीवर होते. बोट एक इंच डावीकडे सरकलं असतं तर बस्स होतं. पण शेजार बतूलच्या खात्यात. आणि सरकारी माणूस दुसऱ्याच्या खात्यात बोट घालत नसतो.

डिसेंबरच्या मध्यावर दोघं राहायला आले. पहिले दहा दिवस जन्नत. सकाळी मोहा गरम भाकरी आणून द्यायचा. बासूने धुराडं साफ करून दिलं. इत्तो दिवसातून तीनदा यायची, चहा प्यायची, बतूलच्या गुडघ्याला तेल चोळायची. बतूल दोन महिन्यांत हसली नव्हती तेवढी त्या दहा दिवसांत हसली.

"फक्त एक," ती एकदा म्हणाली. "इत्तो मला कधी आत बोलवत नाही. दारातच बोलते."

"मोठ्या घरच्या रीती असतात."

"आणि बूट दाराबाहेर काढून आत जाते. स्वतःच्या घरात!"

"गालिचे महाग असतील."

अकराव्या दिवशी, गुरुवारी, बर्फ पडला. कमरेइतका, पांढराशुभ्र, शहरी लोकांना वेड लावणारा. शुक्रवारी सकाळी कासाब्लांका आणि रबातच्या गाड्यांची रांग चढून आली. सी थामी जुनी लोकरी जलाबा घालून, कानाला फडकं बांधून, फावड्याने स्वतःच्या फाटकासमोरचा बर्फ ओढत होता. डावीकडच्या बंगल्यापुढे एक काळी गाडी थांबली. काच खाली आली.

"अम्मी! तिकडचं झालं की इकडे ये रे! गाडी आत जायला पाहिजे."

अम्मी म्हणजे काका. पण काका दोन तऱ्हेने म्हणता येतं, आणि ही दुसरी तऱ्हा होती. सी थामीने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. त्याला वाटलं, मोहाकडे पाहुणे आले असावेत. शेजाऱ्याचा पाहुणा तो आपला पाहुणा, आणि शेजाऱ्याने हात मागितला तर नाही म्हणायचं नाही. आपली शीळ वाजणारी छाती घेऊन तो गेला आणि अर्धा तास मोहाच्या दारातला बर्फ उपसला.

निम्मं झालं तोच खालच्या रस्त्याने मोहा धावत आला. पायात प्लॅस्टिकचे बूट, खांद्यावर फावडं. कोट नव्हता. सी थामीला पाहून तो जागच्या जागी थिजला.

"हाज्! हे काय करताय? माझ्या पोटावर पाय देताय?"

"पोटावर? अरे, तुझ्याच दारातला बर्फ काढतोय!"

"माझ्या दारातला?" मोहाने एकदा बंगल्याकडे पाहिलं, एकदा सी थामीकडे. "माझं दार खाली सूकमध्ये आहे. तुमच्या बाईसाहेब तिथे वाडगा देऊन गेल्या होत्या की. आईला ऐकू येत नाही, पण चव कळते. तीन दिवस पुरवून खाल्लं तिने."

"मग हे घर?"

"सी कमालांचं. आत गेले ते. मी राखणदार. बासू त्या घरचा, समोरचे दोघं त्या-त्या घरचे. अख्ख्या मोहल्ल्यात हाज्, मालक म्हणावे असे तुम्ही एकटेच. मालक आले की आम्ही खाली. मालक गेले की वर, तळघरात."

"आणि तो कोट?"

"साहेबांचा जुना."

"मग आधी का नाही सांगितलंस, मूर्खा?"

"तुम्ही विचारलंत का?" मोहा म्हणाला, आणि आपल्या हातचं काम सी थामीच्या फावड्याखालून ओढून घेऊ लागला.

म्हणजे हिशेब असा. शंभर बंगले वर्षाचे अकरा महिने रिकामे आणि तापवलेले. शंभर कुटुंबं खाली गारठलेली, आणि त्यातल्या कर्त्या माणसांनी वर येऊन त्या रिकामपणाची राखण करायची. शुक्रवारी दुपारी सूकमध्ये कुलपं का होती, हे सी थामीला त्या क्षणी कळलं. बतूलने आठ दारांत वाडगे नेले होते. माणसं मात्र खाली-वर तीच चार होती.

बतूलने ऐकलं आणि भांडली नाही. हे वाईट लक्षण. तिने कुसकुस चढवलं, वाडगे भरले आणि म्हणाली, "जा, देऊन या. शेजारी तो शेजारी. ह्यांचीही परीक्षा होऊ दे."

डावीकडे सी कमालच्या बायकोने, मादाम नर्जिसने, दार उघडलं. घरात असून डोळ्यांना काळा चष्मा. "कुणी मागवलंय हे? कमाल, तू मागवलंस?" आतून "घे, घे, छान वास येतोय" असा आवाज आला. सी थामीच्या तोंडावर दार लागलं. संध्याकाळी वाडगा परत आला. घासून, पुसून, लखलखीत, आणि त्यात पन्नास दिरहमची नोट.

बतूलने नोट चिमटीत धरून बाहेर काढली. मग म्हणाली, "माझ्या आईने रिकाम्या वाडग्याचं सांगितलं होतं. ह्याचं तिने कधी सांगितलं नाही. तिला माहीतच नसणार."

तरी मालक लोक वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, माणूस शिव्या देऊन मोकळा होतो. ते भलतेच गोड होते. चौदा नंबरमधला म्हातारा राखणदार नसून चक्क मालक आहे, बारा महिने राहणारा मालक, हे कळल्यावर सी कमाल स्वतः माफी मागायला आला. पेस्ट्रीचा डबा घेऊन आला. फायरप्लेससमोर बसला.

"सी थामी, लाज वाटते मला! पण आनंदही झाला बघा. आजोबा म्हणायचे, आधी शेजारी, मग घर. आम्हाला शेजारी मिळाला! नाहीतर हा मोहल्ला म्हणजे स्मशान."

सी थामीची छाती फुगली. शिट्टीसकट फुगली.

"तेव्हा ही किल्ली तुमच्याकडे असू द्या. कधी नळ फुटला, खिडकी उघडी राहिली... तुम्ही घरचे."

आता आपल्याकडे कुणी विश्वासाने ठेव ठेवली तर ती नाकारायची नसते. नाकारणाऱ्याची उद्या वर चौकशी होते, असं मानतात. सी थामीने किल्ली दोन्ही हातांनी घेतली. दुसऱ्या दिवशी उजवीकडच्यांनी दिली. तिसऱ्या दिवशी समोरच्या दोघांनी. नवव्या दिवशी बर्फ काळा पडला आणि गाड्या उतरून गेल्या. मादाम नर्जिसने जाताना उंटाच्या लोकरीचा कोट सी थामीच्या हातात ठेवला. "तळघरात मोहा ठेवून गेलाय. तुम्हाला होईल."

झाला. खांद्यात अगदी बरोबर झाला.

"चार बंगल्यांच्या किल्ल्या!" सी थामी बायकोला दाखवू लागला. "शिक्के मारताना चौतीस वर्षांत कुणी एक पेन विश्वासाने दिलं नव्हतं!"

"आणि मोहा कुठे आहे?"

"येईल की आता, वर."

मोहा आला नाही. बासू नाही, इत्तो नाही. चार दिवसांनी बतूल काठी घेऊन सूकमध्ये उतरली आणि परत आली तेव्हा तिचा चेहरा पाहून सी थामीने किल्ल्या पाठीमागे लपवल्या.

"काढून टाकलं. चौघांना. वर म्हणे आता चोवीस तास भला माणूस राहतो, फुकट राहतो, मग पगार कशाला? इत्तोने मला दारात उभं केलं नाही, सी थामी. माझ्या तोंडावर दार लावलं. तिचं बरोबर आहे. मीसुद्धा लावलं असतं."

"मी काय केलं यात?"

"काही नाही. तुम्ही चौतीस वर्षं काहीच केलं नाही. शिक्के मारले."

सी थामी तसाच निघाला. किल्ल्यांचा जुडगा घेऊन मोहाच्या खोलीपुढे उभा राहिला. "हे घे बाबा. तू ठेव. तळघरात राहा, मी कुणाला सांगणार नाही."

मोहाने जुडगा हातात घेऊन वर-खाली केला आणि परत दिला. "आणि पगार? तो किल्लीला बांधलेला नसतो, हाज्. तुमचीच राखण करायला मी आता काय फुकट येऊ?"

सी कमालला फोन केला तर तो म्हणाला, "अम्मी, उन्हाळ्यात बोलू." पुन्हा अम्मी झालं होतं. घर विकायला काढलं तर अझूझ म्हणाला, "काढा ना. पण लोक आधी शेजार विचारतात हो. काय सांगू?"

बतूलने मात्र हट्ट सोडला नाही. दर शुक्रवारी पातेलं घेऊन खाली उतरायची. पहिल्या शुक्रवारी एकही दार उघडलं नाही. दुसऱ्या शुक्रवारी मोहाच्या बहिऱ्या आईने उघडलं, कारण कोण कुणावर रागावलंय हे तिच्या कानापर्यंत पोहोचलंच नव्हतं. बतूलला बोलायचं असायचं आणि म्हातारीला ऐकू येत नसे, त्यामुळे दोघींचं चांगलं जमलं. फेब्रुवारीत इत्तो येऊन शेजारी बसली, तोंड फिरवून. मार्चमध्ये तोंड वळलं. तीन दिवस म्हणून गेलेली बतूल तीन आठवडे झाले तरी वर आली नाही.

सी थामी न्यायला गेला तेव्हा ती सात माणसांच्या खोलीत आठवी होऊन मसूर निवडत होती.

"चल आता."

"कुठे? तुमच्या कबरस्तानात? वाटेल तर तुम्ही या इकडे."

"घरांना कोण बघणार? ठेव आहे ती!"

"मग बघा. तुमच्या शेजारी ज्या दिवशी बारा महिने धूर निघेल, त्या दिवशी मी वर येईन. नाहीतर मी मेल्याचं तुम्हाला इथूनच कळवतील. इथे कळवायला माणसं आहेत."

एप्रिलमध्ये एका शुक्रवारी सी थामी डावीकडच्या बंगल्याच्या पायरीवर बसला होता. दुपारचं ऊन त्या पायरीवर येतं, त्याच्या स्वतःच्या येत नाही. अंगात उंटाच्या लोकरीचा कोट. हातात कात्री, कारण झुडपं वाढली होती आणि दुसरं काही करायला नव्हतं. पलीकडे सोळा नंबर विकायचा होता. रस्त्याने अझूझ आला, आणि त्याच्यामागे एक म्हातारं जोडपं: मेकनेसच्या शाळेतला निवृत्त मास्तर आणि त्याची बायको. बायकोच्या हातात फडक्याने झाकलेला वाडगा. वाफ निघत होती.

"सलाम, हाज्," मास्तर कोटाकडे बघत आदराने म्हणाला. "सोळा नंबर बघतोय. पण आमचं घर नंतर. आधी शेजारी."

बाईने वाडगा पुढे केला. सी थामीने तो दोन्ही हातांनी घेतला. कुसकुस. चार महिन्यांत त्याच्या दारात आलेलं पहिलं.

त्याच्या तोंडापर्यंत सगळं आलं होतं. पळा, असं म्हणायचं होतं. खाली जा, माणसं खाली आहेत. पण सोळा नंबरच्या धुराड्याकडे त्याची नजर गेली. मास्तरला दम्याची शीळ होती, ती सी थामीने लगेच ओळखली; म्हणजे डॉक्टरने पाठवलेला, म्हणजे बारा महिने राहणारा. बारा महिने धूर.

तो त्या बंगल्यात गेला नाही. स्वतःच्या घरी जाऊन वाडगा रिकामा केला आणि अक्रोडांनी भरला. अक्रोड मोहाचे होते. मोहा हल्ली मंगळवारच्या बाजारात ते विकायचा आणि सी थामीकडून दोन पैसे जास्त घ्यायचा. वर थोडा मध ओतला. भरलेला वाडगा पाहून मास्तरच्या बायकोचे डोळे भरून आले.

"इथली माणसं कशी आहेत, हाज्?" मास्तरने विचारलं.

"मी आलो तेव्हा," सी थामी म्हणाला, "चार वाडगे दिले. चारही भरून आले."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. अझूझ वाकून बुटाची नाडी बांधत होता.

"आणि बाईसाहेब कुठे दिसत नाहीत?" मास्तरच्या बायकोने हसून विचारलं.

सी थामीने कात्रीचं पातं कोटाला पुसलं.

"ती होय? ती खाली गेलीय," तो म्हणाला. "शेजारणींकडे बसायला."